दुरुस्तीच्या कपड्यांचा ढीग कसा उपसावा

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या माळ्यावरून एक गाठोडं खाली आलं. जुन्या चादरीत बांधलेलं, चांगलंच जड. ‘नंतर शिवू’ म्हणून वेळोवेळी बाजूला टाकलेले कपडे त्यात होते. मोजले तर 34 भरले. मुलीचा दुसरीतला फ्रॉक निघाला, फक्त खांद्याची शिवण उसवलेली. ती आता पाचवीत आहे. चार टाक्यांचं काम, आणि तेवढ्यावाचून तो फ्रॉक तिच्या अंगावर पुन्हा चढलाच नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

मला शिवण येतं, घरात मशीनही आहे, तरी ढीग साचला. तो का साचला हे उपसताना कळलं. कपडा हातात घेतला की आधी प्रश्नच उभे राहतात. हा ठेवायचा का? दोरा कुठला लागेल? ठिगळाला कापड आहे का घरात? सुई हातात असताना हे सगळं सुरू झालं की पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं आणि कपडा परत गाठोड्यात जातो. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की निवाडा एका दिवशी करायचा आणि शिवायला दुसऱ्या दिवशी बसायचं. पहिल्या दिवशी सुईला हात लावायचा नाही.

ज्यांनी कधी सुईत दोरा ओवलेला नाही, त्यांना धरून पुढचं सगळं लिहिते आहे. मशीन लागत नाही. माझ्या ढिगातलं जवळजवळ सगळं काम हातानेच झालं.

आधी धुवा

माळ्यावरचा किंवा कपाटाच्या तळातला कपडा तसाच शिवायला घेऊ नका. एक तर मळलेल्या, दमट कापडातून सुई नीट सरकत नाही. दुसरं म्हणजे डाग आणि विरलेली जागा धुतल्यावरच खरी दिसते. नवीन सुती कपडा एकदाही धुतलेला नसेल तर तो आटतो, आणि आधी शिवलेली जागा मग चुणी धरते.

जिथे कापड फाटून कडेचे धागे सुटायला लागलेत, तिथे धुण्याआधी मोठे मोठे कच्चे टाके घालून कडा जवळ आणून ठेवा. नाहीतर मशीनमध्ये दोन इंचांची फाट वीतभर होऊन बाहेर येते. असे कपडे उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून धुतले तर आणखी बरं.

ब्लाउजच्या लोखंडी हुकांना पावसाळ्यात गंज चढतो आणि कापडावर तांबूस डाग उतरतो. पांढऱ्या सुती कापडावरचा असा डाग लिंबाचा रस आणि मीठ लावून तासभर उन्हात ठेवला की बराच निघतो, मग साध्या पाण्यात खळबळून काढा. रंगीत किंवा रेशमी कापडावर हा उपाय करू नका, रंग जातो. आणि ते हूक परत त्याच ब्लाउजला लावू नका.

निवाड्याचा दिवस

दिवसा बसा. खिडकीजवळचा पलंग मोकळा करा, चिठ्ठ्यांचे कागद, पेन आणि डबीभर सेफ्टी पिना जवळ घ्या. आता एकेक कपडा उचलायचा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरायचा. भोक किंवा फाट दिसेल तिच्याभोवती चार बोटं अंतरापर्यंत कापड बघा. मागे धरलेल्या हाताची बोटं स्पष्ट दिसत असतील तर तिथलं सूत झिजून गेलं आहे. मग दोन्ही अंगठे त्या जागेच्या दोन बाजूंना ठेवून हळूच ताणा. चांगलं कापड ताण घेतं आणि परत येतं. विरलेलं कापड बारीक ‘चर्र’ करतं. तो आवाज आला की तिथे टाका धरणार नाही. सुईच्या प्रत्येक भोकापासून कापड नव्याने फाटत जाईल. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावणार म्हणतात, तसंच त्या कापडाचं. माझ्या 34 पैकी 3 कपडे या एका परीक्षेत बाद झाले.

जे टिकले, त्या प्रत्येकाला एक चिठ्ठी टाचा. चिठ्ठीवर दोनच गोष्टी: काम काय आणि दोरा कुठल्या रंगाचा. ‘तिसरं बटण, पांढरा.’ ‘उजवी बगल, मरून.’ जिथे दुरुस्ती आहे तिथेच पिन टोचा, म्हणजे नंतर शोधत बसावं लागत नाही.

मग ढीग पाडा. कपडा कुणाचा आहे त्यावरून ढीग पाडू नका, काम कुठलं आहे त्यावरून पाडा. माझे असे पडले: बटण-हूक 8, उसवलेल्या शिवणी 9, खालची दुमड आणि साडीचे फॉल 4, इलास्टिक-नाडी-चेन 4, फाटलेले 4. दोन कपडे मला झेपणारे नव्हते, ते बाहेर द्यायला वेगळे ठेवले. प्रत्येक ढिगात परत दोऱ्याच्या रंगाप्रमाणे कपडे लावा. पांढरा दोरा एकदा ओवला की पांढऱ्याची सगळी बटणं एका बैठकीत होतात. दर कपड्याला रीळ बदलण्यात किती वेळ जातो, हे असं करून बघितल्याशिवाय लक्षात येत नाही.

इथे पहिला दिवस संपला. चहा प्या, बाकीचं उद्या.

सामान

फार काही लागत नाही. हातशिलाईच्या सुयांचं एक पाकीट घ्या, त्यात लहान-मोठ्या सगळ्या असतात. हाताच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. मशीनच्या सुईचं बरोबर उलटं असतं, 11 नंबर बारीक आणि 16 नंबर जाड. नवखी माणसं दुकानात इथेच गोंधळतात. बारीक सुई मलमल आणि रेशमाला, मधली शर्टाला, जाड जीन्सला.

रिळं सहा पुरतात: पांढरं, काळं, राखाडी, गडद निळं, मरून, बदामी. बाकीचे रंग लागतील तसे आणा, आणि आणायला जाताना कपडाच सोबत न्या. मॅचिंग सेंटरमध्ये ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, म्हणून रीळ आणि कपडा दोन्ही दुकानाच्या दारात आणून उजेडात बघा. तंतोतंत रंग मिळाला नाही तर किंचित गडद घ्या. रिळावर दाट दिसणारा रंग एकेरी टाक्यात फिका पडतो. दोरा हातभर तोडून ओढूनही बघा, हलका दोरा लगेच तुटतो. पुण्यात असाल तर तुळशीबाग किंवा रविवार पेठेत बटणं, हूक, इलास्टिक, चेन सगळं एकाच फेरीत मिळतं. चिठ्ठ्यांवरून यादी करून गेलं की दुसरी फेरी पडत नाही.

लहान टोकदार कात्री, टेप, टाचण्या, टाके उसवायला रिपर. जाड कापडासाठी अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलताना बोटात घालायची टोपी. खडू नसला तर अंगाच्या साबणाची झिजून पातळ झालेली चकती घ्या, गडद कापडावर तिची रेघ छान उठते आणि धुतली की जाते. मेणबत्तीचा तुकडाही डब्यात असू द्या. त्यावरून दोरा दोनदा ओढला की गुंतत नाही.

दोरा किती घ्यायचा? हातभर. बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत. परत परत ओवायचा कंटाळा म्हणून लांबच लांब दोरा घेतला की त्याला पीळ पडतो, गाठी बसतात आणि त्या सोडवण्यात दुप्पट वेळ जातो. दोऱ्याचं टोक कात्रीने तिरकं कापा, म्हणजे ते नेढ्यातून चटकन जातं. गाठ मारायला दोऱ्याचं टोक तर्जनीभोवती एकदा गुंडाळा, अंगठ्याने रगडून सरकवा आणि खाली ओढा.

तिन्हीसांजेला शिवू नये असं माझी आजी म्हणायची. काळ्या पॅंटवर काळ्या दोऱ्याने एकदा संध्याकाळी शिवून बघितलं की त्यामागचं कारण कळतं. अंगावर असलेला कपडा शिवू नये हेही तिचंच, आणि तेही पाळा. सुई कापडातून आरपार किती जाते ते अंगावर असताना समजत नाही.

बटणांपासून सुरुवात

पहिला ढीग बटणांचाच घ्या. काम लवकर उरकतं आणि ढीग डोळ्यांदेखत कमी होतो, त्याने हुरूप येतो.

सुईत दोरा दुहेरी घ्या. जुन्या बटणाच्या जागी सुईची भोकं दिसतात, तिथेच नवं बटण बसवायचं. आधी बटण न ठेवता, कापडाच्या वरच्या बाजूने त्या जागी दोन बारीक टाके घाला, म्हणजे गाठ बटणाखाली लपते. आता बटण ठेवा आणि बटणावर एक आगकाडी आडवी ठेवा. दोरा या काडीवरून जाऊ द्यायचा. चार भोकांचं बटण असेल तर त्याच शर्टाची बाकीची बटणं बघा, टाके समांतर आहेत की फुलीचे, तसेच घाला. प्रत्येक जोडीत तीन वेळा दोरा गेला की पुरे.

आता काडी ओढून काढा. दोरा सैल पडलेला दिसेल. बटण वर उचला, तो सगळा सैलपणा खाली कापडाच्या बाजूला येईल. सुई बटण आणि कापड यांच्यामधून बाहेर काढा आणि त्या उभ्या दोऱ्यांभोवती चार-पाच वेढे घट्ट द्या, मग सुई मागे नेऊन गाठ मारा. बटणाला अशी छोटी मान मिळाली की काजाची पट्टी तिच्याखाली आरामात बसते. बटण अगदी कापडाला चिकटवून शिवलं तर काजात घालताना दर वेळी दोरा ओढला जातो आणि महिन्याभरात ते परत लोंबायला लागतं. काडीचं हे एवढंसं काम मी कधीच चुकवत नाही.

बटण तुटताना कापडाचा तुकडाही गेला असेल तर मागून नखाएवढं कापड ठेवून त्यावर शिवा. जादा बटण शोधायचं तर शर्टाच्या आतल्या शिवणीवर बघा, तयार शर्टांना तिथे बहुतेक एक-दोन लावलेली असतात. तिथे नसेल तर सगळ्यात खालचं, पॅंटमध्ये खोचलं जाणारं बटण काढून वर लावा आणि खाली वेगळं चालवून घ्या.

उसवलेली शिवण

उसवणं आणि फाटणं यात फरक आहे. उसवलं म्हणजे टीप गेली, कापड शाबूत आहे. हे दुरुस्त करणं सगळ्यात सोपं असतं आणि शिवल्यावर वरून काहीही दिसत नाही. बगल, पॅंटची सीट, खिशाचा कोपरा, सलवारीची आतली बाजू या नेहमीच्या जागा.

कपडा उलटा करा. तुटलेल्या टिपेचे लोंबणारे दोरे कापा. दोन्ही कडा जुळवून टाचण्या लावा. इथे टाका घालायचा तो उलट टिपेचा. सुई खालून वर काढा, एक टाका मागे जाऊन खाली घाला आणि दोन टाके पुढे वर काढा. परत एक टाका मागे, दोन पुढे. वरून मशीनच्या टिपेसारखी अखंड ओळ दिसते. साधा धावदोरा, म्हणजे सुई खाली-वर करत सरळ पुढे जाणारे टाके, इथे घालू नका. तो एका जागी तुटला की सगळा सुटत येतो, उलट टीप एका जागी तुटली तरी बाकीची धरून राहते. जिथे उसवलंय त्याच्या अर्धा इंच आधीपासून सुरू करा आणि अर्धा इंच पुढे जाऊन थांबा. कापडावर जुन्या सुईची भोकं ओळीने दिसतात, त्यांच्यावरूनच चला.

ब्लाउजबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझ्या 9 मधले 5 ब्लाउज होते. ब्लाउजची बगल पुन्हा पुन्हा उसवत असेल तर दोष दोऱ्याचा नसतो, ब्लाउज घट्ट झालेला असतो. त्याच जागी कितीही पक्कं शिवलं तरी पुढच्या वेळी शिवणीच्या शेजारचं कापड फाटेल, आणि ते जास्त वाईट. आतून बघा. चांगला शिंपी दोन-तीन टिपा घालून बाजूला कापड सोडून ठेवतो. सगळ्यात आतली टीप, म्हणजे अंगाच्या बाजूची, उसवा. तिच्यामागची टीप आपोआप पुढची होते आणि ब्लाउज दोन्हीकडून थोडा थोडा सुटतो. रिपरने दर चौथा टाका कापत जा, मग दोरा एका ओढीत निघून येतो. दोन्ही कडा धरून खसकन ओढलं तर रेशमी खणाचे धागे सरकतात आणि त्या जागी पांढरट रेघ कायमची राहते. उसवल्यावर जुन्या भोकांवर थोडं पाणी शिंपडून इस्त्री फिरवा, बरीचशी मिटतात.

दुमड आणि फॉल

पॅंटची खालची दुमड सुटली असेल तर ज्याची पॅंट त्याला चप्पल-बूट घालून उभं करा आणि मग टाचण्या लावा. बसून मोजलेली उंची चुकतेच. सुई दुमडीच्या कडेतून काढायची, बाहेरच्या कापडाचे एक-दोनच धागे उचलायचे आणि परत दुमडीत जायचं. दोरा ओढून घट्ट करायचा नाही. घट्ट केला की बाहेरून खळगे दिसतात.

साडीचा फॉल सुटला की आपण पिन लावून वेळ मारून नेतो. ते करू नका. जोडव्यांत आणि चपलेच्या पट्ट्यात सुटलेला फॉल अडकतो आणि त्याच्यासोबत साडीचा काठ जातो. सुटलेला भाग वरच्याच पद्धतीने शिवा, साडीचे एक-दोन धागे उचलून. नवा फॉल लावायचा असेल तर तो आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला, वाळवा, इस्त्री करा आणि मगच लावा. फॉल बहुतेक सुती असतो, तो आटतो, साडी तेवढी आटत नाही. न भिजवता लावलेल्या फॉलमुळे पहिल्या धुण्यानंतर निऱ्यांच्या खाली सगळीकडे चुण्या पडतात आणि चांगली साडी बेढब दिसते. माझ्या एका मरून सिल्कचं असंच झालं होतं. तो फॉल सबंध उसवून परत लावला.

खांद्यावर पिन लावून पदराला भोकं पडतात, तीही याच दिवशी बघून घ्या. भोक बारीक असेल तर त्याच रंगाच्या बारीक दोऱ्याने दोन-तीन टाके पुरतात. पुढच्या वेळी पिनेत आधी एक मणी ओवा आणि मग पिन टोचा, पिनेच्या वेटोळ्यात कापड शिरत नाही.

नेफा आणि चेन

इलास्टिक बदलताना एक युक्ती लक्षात ठेवा. नेफा, म्हणजे इलास्टिक किंवा नाडी ज्यातून जाते ती कमरेची दुमड, शिवणीजवळ दीड इंच उसवा, जुनं इलास्टिक बाहेर काढून कापा आणि त्याच्या एका टोकाला नवं इलास्टिक सेफ्टी पिनेने जोडा. मग जुन्याचं दुसरं टोक ओढा. जुनं बाहेर येतं आणि नवं आपोआप आत जातं. नव्याचं मोकळं टोक मात्र पिनेने कापडालाच टाचून ठेवा, नाहीतर तेही आत पळतं. कमरेच्या मापापेक्षा दोन-तीन इंच कमी घ्या, घालून बघा, पीळ पडला नाही ना ते चाचपा आणि टोकं इंचभर एकावर एक ठेवून चौकोनात शिवा. इलास्टिक कापडावरच टिपांनी शिवलेलं असेल तर ते शिंप्याकडे द्या.

चेन बसत नाही, मागून उघडते, म्हणून आपण सबंध चेन बदलायला निघतो. बहुतेक वेळा दात चांगले असतात. रनरचं तोंड फाकलेलं असतं. रनर सगळ्यात खाली आणा आणि पकडीने त्याच्या दोन्ही बाजू आळीपाळीने अगदी हलक्या दाबा, दर वेळी ओढून बघा. जोर दिला तर तो तुटतो. अडकणाऱ्या चेनवर मेणबत्ती फिरवा. खालचा एखादा दात गेला असेल तर त्याच्या जरा वर दोन्ही बाजूंना जोडणारे सात-आठ घट्ट टाके घाला, चेन तिथून वर चालते.

फाटलेलं

इथे घाई करू नका. एका दुपारी एकच कपडा घ्या.

रुपयाएवढ्या भोकापर्यंत रफू करता येतो. दोरा शक्यतो त्याच कपड्याचा घ्या. आतल्या शिवणीत सोडलेल्या कापडातून चार-सहा धागे ओढून निघतात आणि त्यांच्याइतका जुळणारा रंग बाजारात मिळत नाही. भोकाखाली पालथी वाटी धरा, म्हणजे कापड ताठ राहतं आणि सुई खालच्या थराला लागत नाही. गाठ मारू नका, तीन इंच टोक मोकळं सोडा.

भोकाच्या अर्धा इंच अलीकडून, चांगल्या कापडात बारीक धावदोरा सुरू करा, कापडाच्या उभ्या धाग्याला धरून. भोक आलं की दोरा त्यावरून सरळ न्या आणि पलीकडच्या चांगल्या कापडात परत अर्धा इंच धावदोरा घाला. वळताना दोऱ्याचा छोटासा फासा सुटा ठेवा, धुतल्यावर दोरा आटतो तेव्हा तो कामाला येतो. अशा ओळी एकमेकींना चिकटून घालत भोक पार करा. आता भोकावर उभ्या तारा ताणल्यासारखे दोरे दिसतील. मग आडव्या ओळी सुरू करा. सुई पहिल्या दोऱ्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून, तिसऱ्याच्या वरून. परतीच्या ओळीत बरोबर उलटं. हातमागावर ताण्यात बाणा भरतात तेच तुम्ही सुईने करत आहात. दर ओळ सुईच्या टोकाने मागच्या ओळीला टेकवा. दोरा ओढू नका, नुसता बसू द्या. ओढलात की मध्ये फुगा येतो आणि कडेला चुणी पडते. शेवटी ओला रुमाल ठेवून इस्त्री दाबा.

यजमानांच्या निळ्या खादीच्या शर्टाच्या कोपरावरचं भोक असं भरायला मला दोन तास लागले. जवळून बघितलं की एक चौकोन दिसतो, पण हात फिरवला तर बोटाला काही लागत नाही.

खिळ्यात अडकून काटकोनात फाटलेलं असेल तर धागे गेलेले नसतात, फक्त तुटलेले असतात. खाली त्याच रंगाचं पातळ कापड ठेवा, कडा जुळवून कच्चे टाके घाला आणि फाटीच्या आरपार, या काठावरून त्या काठावर, बारीक टाके जवळजवळ घालत जा. कोपऱ्यात टाके दाट हवेत, फाट पुढे सरकते ती तिथूनच.

भोक मोठं असेल तर ठिगळ. ठिगळाचं कापड धुतलेलं असू द्या. भोकापेक्षा सगळीकडून निदान अर्धा इंच मोठं कापा, कोपरे गोल करा, उभा धागा कपड्याच्या उभ्या धाग्याशी जुळवा. मांडीत घासून विरलेल्या जीन्सला आतून ठिगळ लावा आणि वरून धावदोऱ्याच्या ओळी अर्ध्या बोटाच्या अंतराने सगळ्या जागेवर घाला, थेट गोधडीसारख्या. टाके दिसतील, दिसू द्यावेत. आपल्याकडे लुगड्याचा झिजलेला भाग कापून उरलेले तुकडे जोडायचे, त्याला दंड घालणं म्हणत, आणि दंड घातलेलं लुगडं नेसून बायका शेतात, देवळात सगळीकडे जात. नीट धुतलेल्या, नीट जोडलेल्या कपड्याची लाज वाटायचं कारण नाही हे मला मनापासून वाटतं.

टी-शर्टचं भोक वेगळं वागतं. ते कापड स्वेटरसारखं फाशांनी विणलेलं असतं, फासा सुटला की शिडीसारखं खाली उतरत जातं. म्हणून दिसल्याबरोबर शिवा. बारीक सुईने भोकाच्या कडेचे सुटे फासे एकेक उचलून दोऱ्यात ओवा आणि मग हलक्या हाताने ओढून भोक मिटवा, आतून गाठ मारा. मशीनची सरळ टीप टी-शर्टवर घालू नका, कापड ताणलं की ती तुटते.

बाहेर द्यायचं ते

मी दोन कपडे बाहेर दिले. एक आईची पैठणी, घडीवर चिरलेली, आणि दुसरी पश्मिना शाल, कसर लागलेली. अशा कामाला रफूगारच हवा. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगार पिढ्यान्‌पिढ्या काश्मिरी शालींची दुरुस्ती करत आले आहेत, त्या कामात नजर तयार व्हायलाच वर्षं जातात. देण्याआधी फाटीचा फोटो काढून ठेवा आणि तुम्ही स्वतः तिथे काही चिकटवू किंवा शिवू नका, ते सोडवताना आणखी कापड जातं. पैठणी परत आली की दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. चीर जरीच्या ओझ्याने आणि त्याच घडीवर वर्षानुवर्षं राहिल्याने पडते.

बाद झालेले

त्या 3 कपड्यांची बटणं, हूक, चेन आधी काढून घ्या आणि बटणं एका दोऱ्यात ओवून ठेवा, म्हणजे एका शर्टाची एकत्र राहतात. सुती असेल ते फडक्यांना आणि ठिगळांना कामाला येतं. मऊ सुती साड्या मी गोधडीसाठी ठेवते. चांगल्या पण आता कुणाच्या मापाच्या नसलेल्या कपड्यांसाठी बोहारीण अजून आमच्या गल्लीत येते, तिला मी बटण तुटका कपडा देत नाही. लावूनच देते.

शिवून झालं की

कपडा परत कपाटात ठेवण्याआधी ज्याचा त्याने एकदा घालून, हात वर करून, मांडी घालून बसून बघावं. चिठ्ठी आणि पिन काढलीत ना ते तपासा. सुया मोजा, सुरुवातीला किती घेतल्या होत्या तितक्या परत डब्यात आल्या पाहिजेत. घरात रांगतं मूल असेल तर जमिनीवरून लोहचुंबक फिरवा.

पहिलं धुणं हाताने, पिळा न देता. वाळल्यावर रफूची मोकळी सोडलेली टोकं आतून कापा, तोवर त्यांना हात लावू नका.